द्वेषामुळे माणूस दुसऱ्याविरुद्ध आरोप का रचत जातो? ख्रिस्ती दृष्टीने याकडे कसे पाहावे?

मनात द्वेष बसला की निकाल आधी लागतो आणि पुरावा नंतर शोधला जातो. बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय हा उलटा क्रम फार स्पष्टपणे दाखवतो. राजा दारयावेश आपला यहूदी अधिकारी दानीएल यास सर्व राज्यावर नेमण्याच्या विचारात होता, तेव्हा इतर अधिकाऱ्यांनी त्याच्या कारभारात दोष शोधला, परंतु तो विश्वासू असल्यामुळे त्यांना काहीच सापडले नाही. तेथे थांबण्याऐवजी त्यांनी, 30 दिवस राजाखेरीज कोणत्याही देवाकडे वा माणसाकडे मागणे करू नये, असा हुकूमच राजाकडून काढून घेतला, आणि दानीएलाची रोजची प्रार्थना गुन्हा ठरली. मला यातील सर्वांत भयंकर गोष्ट ही वाटते की पुढे दानीएलाला सिंहांच्या गुहेत टाकण्यापर्यंतची सारी कारवाई नियमाला धरूनच झाली.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात, वाळलेल्या हाताच्या माणसाला येशू शब्बाथ दिवशी, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या यहूदी विश्रामदिवशी, बरे करतो की काय, याकडे काही जण केवळ दोष ठेवण्यासाठी टपून होते. त्या माणसाचे दुःख त्यांच्या लेखी फक्त पुरावा उरले होते.

म्हणून कोणाच्या चुकांच्या नोंदी आपण जमवू लागलो, तर तो निर्दोष असल्याचे कळल्यावर आपल्याला आनंद होतो की आपला हिरमोड होतो, हे प्रार्थनेत प्रामाणिकपणे तपासावे. खऱ्या अन्यायाविरुद्ध दाद मागावीच; मात्र माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय, हा निकदेम या यहूदी पुढाऱ्याने येशूविषयी परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांना) विचारलेला प्रश्न आधी स्वतःला विचारावा.