शौचालयाची पाहणी : बायकांची मोजणी वेगळी

प्रश्न : गोवंडीतलं आमचं महिला मंडळ वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाच्या दुरुस्तीसाठी परदेशी निधी मागतंय. देणगीदारांना स्त्री-पुरुष अशी वेगळी आकडेवारी हवी आहे. सभांची हजेरी जोडली तर चालेल का?

उत्तर : नाही, ताई. हजेरीवरून फक्त कोण येऊन बसलं एवढंच कळतं. एक कामाचा दिवस आणि एक रविवार, पहाटे पाच ते आठ आणि रात्री सात ते दहा, दारापाशी उभं राहून मोजा : रांगेत किती जणी, किती मिनिटं, चालू सीट किती, कडी लागते का, दिवा आहे का, पॅड टाकायला डबा आहे का. पुरुषांकडच्या सीटबरोबर मुताऱ्याही मोजा. त्या सोडल्या की कागदावर दोन्ही बाजू सारख्या दिसतात, आणि नेमकी हीच चूक सर्रास होते. कोणाकडून किती पैसे घेतात तेही टिपा.

घरोघरी जाताना दुसरी अडचण येते. संध्याकाळी बायकोच्या वतीने नवराच उत्तरं देतो. दुपारी गेलात तर घरकामाला जाणाऱ्या बायका सुटतात. म्हणून रविवारी जा, बाईनेच बाईला विचारावं, आणि ‘रात्री दहानंतर काय करता?’ हा प्रश्न हमखास ठेवा. संध्याकाळनंतर पाणीच न पिणाऱ्या बायका तिथेच सापडतील. फॉर्मवर नाव नको, वय पुरे.

अर्जात संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी स्वच्छतेबद्दलच्या 6.2 चा दाखला द्या. त्यात स्त्रिया आणि मुलींच्या गरजांकडे खास लक्ष द्यायला सांगितलं आहे. स्वच्छतेचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 28 जुलै 2010 रोजी मान्य केलाय.

आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी पैसा घेऊच नका.