विचारा की! : पिशवीतून आलेला मासा

प्रश्न : मी एका हौशी माणसाकडून नोथोब्रँकियस फुरझेरी या आफ्रिकन किलिफिशची अंडी मागवली. कुरिअरने आली ती झिपलॉकची छोटी पिशवी, आत मूठभर ओलसर तपकिरी भुसा, पाण्याचा थेंब नाही. फसवलं का मला? (सांगली)

उत्तर : नाही हो, उलट व्यवस्थित पाठवलंय त्यांनी. तो भुसा म्हणजे पीट (दलदलीत कुजलेल्या शेवाळाचा चोथा), कोणी कोणी कोकोपीट पण वापरतात, आणि अंडी त्यातच आहेत, जेमतेम मिलिमीटरभराची, चहा गाळल्यावर उरलेल्या चोथ्यात साबुदाण्याचे बारीक कण शोधावेत तसं शोधावं लागतं. बॅटरी आणि भिंग घेऊन बसा.

पाण्याशिवाय अंडी जगतात कशी ते कळायला हा मासा राहतो कुठे ते बघायला लागेल. झिम्बाब्वेच्या आग्नेय कोपऱ्यात, मोझांबिकच्या सीमेला लागून गोनारेझू नॅशनल पार्क आहे, तिथे १९६८ साली रिचर्ड फर्झर यांना हा मासा मिळाला, १९७१ मध्ये जब (Jubb) नावाच्या अभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव फर्झर यांच्यावरून पडलं. नंतर दक्षिण मोझांबिकमध्येही बऱ्याच ठिकाणी सापडला. पण नदीत, तळ्यात नाही, तर पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यात! आपल्याकडे रस्त्याकडेला खड्ड्यात पाणी साचतं ना, तसली डबकी, काही मोठी काही छोटी, पाऊस गेला की काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत कोरडी ठाक. मोठे मासे सगळे मरतात, एकही वाचत नाही, उरतात ती फक्त चिखलात पुरलेली अंडी. आणि चिखल कसला, तर आपल्या मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीच्याच जातीचा, ओली असताना पायाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात भेगा पडणारी ती माती. या मातीत खाली थोडा ओलावा धरून राहतो, तेवढ्यावर अंडी निभावून नेतात.

आता यातली खरी गंमत. अंड्यातला गर्भ वाढता वाढता मध्येच थांबतो, याला डायपॉज म्हणतात, असे थांबायचे तीन टप्पे आहेत आणि मधल्या टप्प्यावर तर हृदय तयार झालेलं असतं तरी गर्भ महिनोन्महिने तसाच पडून राहू शकतो. शिवाय सगळी अंडी एकाच वेळी तयार होत नाहीत. का, तर अवकाळी पाऊस पडून डबकं आठ दिवसांत परत आटलं तर सगळीच पिल्लं जातील, म्हणून काही अंडी मागे राहतात. आपला शेतकरी पहिल्या पावसावर सगळं बियाणं पेरून टाकत नाही तसंच.

तर तुमच्या पिशवीवर तारीख लिहिलीय का बघा. अंडी घातल्यापासून साधारण दोन-तीन महिने लागतात, पण तारखेपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा, म्हणजे गर्भाच्या डोळ्यांवर. भिंगातून अंड्यात काळे डोळे आणि त्याभोवती सोनेरी कडं दिसलं की अंडी तयार. मग उथळ ट्रेमध्ये पीट घाला, वरून थंडगार पाणी ओता, १६ ते १८ डिग्रीचं, फ्रीजमधलं पाणी साध्या पाण्यात मिसळून चालेल, खोली दोन-तीन बोटं बास. काही तासांत पिल्लं सुटी होतात. त्यांना त्याच दिवशी खायला लागतं, म्हणून आर्टेमिया (पिल्लांना खायला घालायचे बारीक खाऱ्या पाण्यातले जीव, यांचीही अंडीच मिळतात) आदल्या दिवशीच उबवायला ठेवा, हे विसरलात तर सगळं मुसळ केरात. जी अंडी फुटली नाहीत ती टाकू नका, पीट परत निथळून, हाताने दाबल्यावर पाणी टपकणार नाही इतपत कोरडं करून पिशवीत भरा आणि महिन्याभराने पुन्हा पाणी ओता.

प्रश्न : माझा फुरझेरी नर पहिले दोन महिने काय सुंदर दिसायचा, मग पाठीला बाक आला, रंग उडाला आणि चौथ्या महिन्यात गेला. दुकानवाला म्हणतो पाणी खराब होतं. पाणी तर मी दर आठवड्याला बदलायचो. (नाशिक)

उत्तर : तुमची चूक नाही, तो म्हातारा होऊन गेला. गोनारेझूवरून आलेला वाण टँकमध्ये तीन-चार महिनेच जगतो, मोझांबिककडचे वाण त्यापेक्षा जास्त. तुमचा नर पिवळ्या शेपटीचा असेल तर बहुतेक गोनारेझूवालाच, मोझांबिकच्या नरांत लाल शेपटी जास्त दिसते. अंगाचा तो निळसर हिरवा रंग आणि खवल्यांना लाल किनार दोघांनाही असते, माद्या मात्र अगदी मातकट.

बाक येणं, रंग उडणं, सुस्ती, ही सगळी म्हातारपणाचीच लक्षणं, आणि ती इतक्या पटापट दिसतात म्हणून तर शास्त्रज्ञ याच्या मागे लागलेत. याच्या इतक्या कमी आयुष्यावरचा पहिला मोठा पेपर २००३ चा. २०१५ मध्ये पूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, आला. जर्मनीत येना आणि कोलोन इथल्या वृद्धत्वावर काम करणाऱ्या संस्थांमध्ये याच माशांच्या टाक्या रांगेने लावलेल्या असतात. २०१७ मध्ये तर मध्यमवयीन माशांना तरुण माशांच्या आतड्यातले जिवाणू दिले तेव्हा ते जास्त जगले असं दिसलं. (कृपया घरी करून बघू नका.) आणि २०१८ मध्ये कळलं की मोझांबिकच्या डबक्यांमध्ये हा मासा अंड्यातून बाहेर आल्यापासून १४ दिवसांत वयात येतो! पंधरवडा झाला की आईबाप व्हायला तयार.

मला विचाराल तर हा मासा पाळायचा म्हणजे खरं तर अंडी पाळायची असतात. नर मेला याचं वाईट वाटणारच, पण त्याच्या हयातीत अंड्यांचं पीट भरून पिशवी ठेवली होती का, हा प्रश्न महत्त्वाचा.

प्रश्न : मुलीने विचारलं, किलिफिश म्हणजे मारणारा मासा का? (पुणे)

उत्तर : नाही. डच भाषेत किल म्हणजे ओढा, त्यावरून आलंय म्हणतात. मुलीला सांगा, ओढ्यातला मासा.

प्रश्न : गप्पींच्या टँकमध्ये फुरझेरीचे दोन नर आणि एक मादी सोडली तर चालेल? (ठाणे)

उत्तर : नको. दोन नर एकमेकांचे पंख फाडतील आणि राहिलेला वेळ दोघं मिळून त्या एका मादीच्या मागे लागतील, ती बिचारी झिजून मरेल. वीसेक लिटरचा वेगळा टँक, एक नर, दोन-तीन माद्या, स्पंज फिल्टर हळू चालणारा, झाकण घट्ट कारण उड्या मारतात, पाणी २४ ते २६ डिग्री. कोपऱ्यात प्लास्टिकचा डबा ठेवा, झाकणाला भोक पाडून, आत उकळून गार केलेलं पीट, नर मादीला त्यातच नेतो. खायला ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया. कोरड्या दाण्यांकडे हे बघतही नाहीत बऱ्याचदा. अंगावर सोनेरी धूळ दिसली तर वेल्व्हेट नावाचा रोग समजा, या माशांना तो पटकन होतो, म्हणून मी पाण्यात थोडं मीठ ठेवतोच.

प्रश्न : माझं शेततळं उन्हाळ्यात आटतं. त्यात हे मासे सोडले तर डासांचा बंदोबस्त होईल, आणि दरवर्षी आपोआप परत येतील, बरोबर ना? (लातूर)

उत्तर : तुम्ही हुशार आहात आणि म्हणूनच हात जोडून सांगतो, सोडू नका. काळी माती, चार महिने पाऊस, नंतर कोरडं, म्हणजे त्याला घरच्यासारखंच की! असा बाहेरचा मासा एकदा बसला तर तळं आटवूनही जाणार नाही, अंडी खालीच असणार. डासांसाठी आपला देशी पॅन्चॅक्स आहे, डोक्यावर पांढरा चमकता ठिपका असतो तो, तोही किलिफिशच, डासांच्या अळ्या आवडीने खातो. पाणी आटेल तेव्हा त्याला काढून विहिरीत हलवायला लागेल एवढंच.

आणि वापरून झालेलं पीट बागेत टाकायच्या आधी उकळून घ्या. आमच्या आईने एकदा माझी अंड्यांची पिशवी खत समजून तुळशीला घातली होती, कुंडीत पाणी साचत नाही म्हणून काही झालं नाही, तुळस मात्र बरी वाढली त्या वर्षी.