काळा रंग राखाडी दिसतोय?

कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघताना असं होत असेल तर आधी प्लेअरच्या सेटिंग्जना हात लावू नकोस. मॉनिटरचा भडक रंगांचा मोड आणि रात्रीचा पिवळा फिल्टर बंद कर. बरेचदा तक्रार तिथेच मिटते. तरीही काळा राखाडी दिसत असेल तर घोळ रेंजचा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांच्या पट्ट्याचा. ८ बिटच्या व्हिडिओत काळा सहसा १६ वर, पांढरा २३५ वर असतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ० आणि २५५. एका पट्ट्यातून दुसऱ्यात हे रूपांतर एकदाच व्हायला हवं. झालंच नाही तर काळा राखाडी दिसतो. दोनदा झालं की सावल्यांमधलं सगळं काळ्यात बुडतं. (मी आठवडाभर नुसता ब्राइटनेस वाढवत बसलो होतो!) रंगछटाच किंचित चुकत असतील तर प्लेअरमधलं मॅट्रिक्स (व्हिडिओतल्या आकड्यांपासून रंग काढायचं सूत्र) बघ: एचडीला बीटी.७०९ हे मानक, डीव्हीडीला बीटी.६०१. एमपीव्ही या प्लेअरमध्ये आयसीसी प्रोफाइलही (मॉनिटर रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल) लावता येतं, पण ते तुझाच मॉनिटर मोजून बनवलेलं हवं, दुसऱ्याचं उचललेलं नको.