दुकानात मान मोडून घ्यावी का?

प्रश्न : माझा भाऊ २४ वर्षांचा. केळीचे घड डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहतो. लहानपणापासून त्याची मान आखूड, मागचे केस पार खाली उतरलेले. वर्षभर खोकला-शिंक आली की डोक्याच्या मागे कळ येते, हातांना मुंग्या येतात. हल्ली चालताना चप्पल निसटते आणि त्याला कळतही नाही. कटिंगच्या दुकानात मान मोडून घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं म्हणतो. हाडवैद्याकडे नेऊ का?
– एक बहीण, चोपडा तालुका

उत्तर : ताई, हाडवैद्य नको. दुकानात मान मोडणं आजपासून बंद, डोक्यावरचा घडही बंद. चप्पल निसटल्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत, मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते.

कवटीखालचा पहिला मणका अंगठीसारखा असतो आणि दुसऱ्या मणक्याचा सुळका त्या अंगठीत उभा असतो. मान वळते त्यातली जवळपास अर्धी हालचाल इथेच होते. आईच्या पोटात ही हाडं नीट घडली नाहीत, म्हणजे पहिला मणका कवटीला चिकटला, मानेचे मणके एकमेकांत जुळले किंवा सुळका वर घुसला, तर मेंदूतून हातापायांकडे जाणारा नसांचा दोर, म्हणजे मज्जारज्जू, दाबला जातो. विशी-पंचविशीपर्यंत कित्येकांना काहीच जाणवत नाही. आखूड मान असलेल्या प्रत्येकाला हे असतं असं नाही, पण या लक्षणांसोबत ती दिसली की मला शंका येतेच.

धुळ्यात मी नवीन असताना शिंदखेड्याकडचा एक मुलगा आला होता. शर्टाची बटणं लावता येत नव्हती. मी पट्टा आणि गोळ्या देऊन त्याला घरी पाठवलं. तीन महिन्यांनी तो भावाच्या खांद्यावर भार टाकून आला. तेव्हापासून मानेच्या प्रत्येक पेशंटला मी माझ्यासमोर बटण लावायला सांगते. तुम्हीही भावाला आज लावून बघायला सांगा.

न्यूरोसर्जनला याच आठवड्यात दाखवा. हाडांसाठी सीटी, मज्जारज्जूसाठी एमआरआय लागेल. मान वाकवून एक्स-रे काढायचा तो डॉक्टर समोर असतानाच. सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही. या दोन मणक्यांमधला सांधा नको तितका हलत असेल तर मात्र तो स्क्रूने पक्का करतात. तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयात असलेले डॉ. अतुल गोयल यांची ही पद्धत १९९४ साली प्रसिद्ध झाली, आज ती जगभर वापरतात. नंतर मान थोडी कमी वळते, एवढं भावाला आधीच सांगून ठेवा.

घास अडकू लागला, श्वास जड झाला किंवा लघवी अडली, तर आठवड्याची वाट बघू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या, आणि जीपमध्ये त्याला मागे दाटीवाटीत बसवू नका.