फ्रँकी लायमनचा ग्रुप एवढ्या लवकर का संपला?

तुम्ही विचारलंय की 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' हे गाणं एवढं गाजूनही टीनेजर्स, म्हणजे अमेरिकन गायक फ्रँकी लायमन आणि त्याच्या साथीदारांचा गाणारा ग्रुप, दीड-दोन वर्षांत कसा संपला, फ्रँकीच्या ड्रग्जमुळेच ना? बरेच जण हेच सांगतात, पण तारखा बघा ना. गाणं आलं १९५६ च्या सुरुवातीला, ग्रुप फुटला १९५७ मध्ये, आणि फ्रँकी हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला फेब्रुवारी १९६८ मध्ये, २५ वर्षांचा असताना. मधे दहा वर्षं गेली हो!

माझ्या मते ग्रुप मोडला तो फ्रँकीला वेगळा काढल्यामुळे. न्यूयॉर्कची शाळकरी पोरं, हर्मन सँटियागो आणि जो नेग्रोनी पोर्तोरिकन, जिमी मर्चंट, शर्मन गार्न्स आणि फ्रँकी कृष्णवर्णीय. पहिल्या रेकॉर्डवर नाव होतं 'द टीनेजर्स फीचरिंग फ्रँकी लायमन', पुढे झालं 'फ्रँकी लायमन अँड द टीनेजर्स', आणि १९५७ च्या युरोप टूरपर्यंत रेकॉर्ड कंपनीच्या जॉर्ज गोल्डनरने त्याला सोलो करायला घेतलंच होतं. 'गुडी गुडी' या गाण्याच्या रेकॉर्डवर नाव ग्रुपचं छापलंय, पण ग्रुपमधला गायलाय एकटा फ्रँकी.

आता हेडफोन लावून पहिलं गाणं परत ऐका. सुरुवात फ्रँकीची नाहीच, शर्मनचा तो खोल, खर्जातला बेस आवाज एकटा येतो, मग बाकीचे, आणि मग त्यांच्यावर फ्रँकीचा कोवळा आवाज असा काही चढतो की बास! तो आवाज उठून दिसतो तो खालच्या चौघांमुळे, आणि नेमकं तेच कंपनीने काढून टाकलं. त्यानंतर ना फ्रँकीला तसं यश मिळालं ना उरलेल्यांना.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते क्रेडिटचं. गाणं लिहिलं हर्मन आणि जिमीने असा त्यांचा दावा, पण नाव लागलं फ्रँकी आणि गोल्डनरचं, नंतर गोल्डनरच्या जागी रेकॉर्ड कंपनीवाल्या मॉरिस लेव्हीचं नाव आलं, म्हणजे धंदेवाला माणूस गीतकार! १९८१ मध्ये गायिका डायना रॉसने तेच गाणं पुन्हा हिट केलं तेव्हा रॉयल्टीचं, म्हणजे गाण्याच्या कमाईतल्या हिश्श्याचं, भांडण पेटलं, फ्रँकीची बायको मीच म्हणणाऱ्या तीन-तीन जणी कोर्टात. १९९२ मध्ये ज्युरीने हर्मन-जिमीच्या बाजूने निकाल दिला, पण १९९६ मध्ये अपिलात तो फिरला, कारण काय तर तीन वर्षांच्या मुदतीत केस केली नाही. गाणं कोणी लिहिलं यावर नाही, मुदतीवर हरले बिचारे.