कॅमेऱ्याचा निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर लावू नका

कोणत्या छोट्या कॅमेऱ्याचा फोटो चांगला, या एकाच प्रश्नाच्या पत्रांचा पुन्हा ढीग साचला आहे. त्यातली काही निवडली आहेत. बाकीच्यांनी आपलं उत्तर यातच शोधावं.

प्रश्न (सदर, नागपूर): १६ मेगापिक्सेलचा घ्यावा की २०चा?

कोणताही. पहिल्यात फोटोची रुंदी साधारण ४६०८ पिक्सेल, दुसऱ्यात ५१८४. अल्बममधल्या ४×६ इंची प्रिंटला सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात.

प्रश्न (महाल): मारबतीच्या मिरवणुकीत मी आणि माझ्या साळ्यानं आपापल्या कॅमेऱ्यानं फोटो काढले. माझा कॅमेरा दुप्पट किमतीचा, तरी घरच्या ग्रुपवर त्याचेच फोटो चकचकीत दिसतात. मी फसलो का जी?

फसला असाल तर तुलनेत. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो, दाबलाही जातो. बारकावा दोघांचाही गेला. उरला तो रंग आणि उजेड. साळेबुवांच्या कॅमेऱ्यात रंग भडक करणारा 'व्हिव्हिड' मोड चालू असेल किंवा फोटो जरा जास्त उजळ आला असेल, तर सगळं घर त्यांनाच मत देणार. उजळ फोटो पाहणाऱ्याला आधी आवडतो. विकणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं.

तुलना घरी करा, हलत्या गर्दीत नाही. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला चिकटवा. शेजारी खरखरीत टॉवेल, काळं कापड आणि हळदीकुंकवाचा करंडा ठेवा. दोन्ही कॅमेरे आळीपाळीनं एकाच ट्रायपॉडवर, नाहीतर पुस्तकांच्या थप्पीवर. चौकट सारखी, फ्लॅश बंद, व्हाइट बॅलन्स एकच, रंग 'स्टँडर्ड'. सेल्फ-टायमर २ सेकंदांचा लावा, म्हणजे बटणाचा हादरा फोटोत येणार नाही. आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) आधी १०० किंवा १२५, मग ४००, ८००, १६००, ३२००. प्रत्येक पायरीला तीन फोटो, कारण एखाद्या वेळी फोकस चुकतोच. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली शटर १/१०० सेकंदापेक्षा वेगवान नको. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात.

फोटो थेट कार्डावरून संगणकावर घ्या. एक १२ मेगापिक्सेलचा आणि दुसरा २० चा असेल, तर मोठा फोटो लहानाच्या मापाला आणा आणि मगच १०० टक्क्यांवर पाहा. नाहीतर २० वाल्याचे दाणे (फोटोतले खरखरीत ठिपके) उगाच मोठे दिसतात आणि चांगला कॅमेरा नापास होतो. टॉवेलचे धागे सुटे दिसतात की मेण ओतल्यासारखे सपाट? सपाट असतील तर कॅमेऱ्यानं दाणे पुसताना धागेही पुसले. अक्षरांना पांढरी किनार आलीय? तो वाढवलेला शार्पनेस, खरा तपशील नव्हे. मग चारही कोपरे बघा. शेवटी दोघांचं शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) ताडून पाहा. आयएसओ सारखा असूनही एकानं दुप्पट वेळ शटर उघडं ठेवलं असेल, तर ती जोडी बाद. मॅन्युअलवर दोन्ही आकडे सारखे लावून पुन्हा काढा. एवढं करूनही संशय राहिला, तर दोन्ही कार्डं घेऊन एखाद्या फोटो लॅबवाल्याला दाखवा. ८×१२ चे दोन प्रिंट शेजारी ठेवले की वाद मिटतो.

प्रश्न (धरमपेठ): '१ इंची सेन्सर' म्हणजे खरंच एक इंच?

नाही. सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, आणि हा १३.२×८.८ मिलिमीटरचा असतो. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळीच्या मापावरून आलंय. तरी साध्या कॉम्पॅक्टमधल्या १/२.३ इंची सेन्सरच्या चौपट क्षेत्रफळ त्यात मिळतं. पण नुसत्या सेन्सरवर भुलू नका. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतल्या पाचव्या आणि सातव्या मॉडेलात सेन्सरचं माप तेच. पाचव्याची लेन्स २४-७० मिलिमीटरची आणि एफ/१.८ ते २.८, सातव्याची २४-२०० ची आणि एफ/२.८ ते ४.५. एफचा आकडा लहान, तितका प्रकाश जास्त. म्हणजे झूम न करता सातव्यात निम्म्याहून कमी प्रकाश शिरतो. संध्याकाळी दीक्षाभूमीवर फोटो काढायचेत की लांबचं टिपायचंय, ते आधी ठरवा आणि मगच दुकानात विचारा.

प्रश्न (मानेवाडा): ताडोब्याला जायचंय. ४० एक्सचा छोटा कॅमेरा, खोक्यावर त्यापुढेही डिजिटल झूम लिहिलाय. वाघ येईल ना?

डिजिटल झूम म्हणजे मधला तुकडा कापून मोठा करणं. चौपट केला की २० मेगापिक्सेलचे सव्वा उरतात. मेनूत जाऊन तो बंदच करा. खरा ४० एक्स उन्हात कामाचा आहे, पण पूर्ण झूमवर अशा लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ/६.९ च्या आसपास असतं. पहाटेच्या सफारीत आयएसओ ३२०० वर जातो आणि वाघाचे पट्टे पुसट होतात. तारखेआधी भाड्यानं कोणता मिळतो ते विचारून पाहा. जिप्सीत लेन्स सारखी आत-बाहेर करू नका. धूळ तिच्यासोबतच आत जाते.

प्रश्न (कामठी): मुलीसाठी ऑनलाइन '४८ मेगापिक्सेल, ४के' कॅमेरा चार हजारांत दिसला.

नको. सेन्सर लहान, आकडा सॉफ्टवेअरनं फुगवलेला. त्यापेक्षा घरातला फोन बरा.

प्रश्न (प्रतापनगर): नव्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोची डावी बाजू धूसर येते. वीस दिवस झाले. दुकानदार म्हणतो, वापरा, लेन्स सेट होईल.

लेन्स सेट होत नसते. तोवर उलटते ती परत करायची मुदत. विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा तंतोतंत समांतर ठेवा. झूम न करता, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा. मग कॅमेरा उलटा धरून पुन्हा. दोन्ही वेळा, कॅमेरा सरळ धरल्यावर जी डावी बाजू, तीच धूसर असेल तर लेन्सचा भाग तिरका बसलाय. धूसरपणा भिंतीच्या त्याच टोकाला राहिला, तर कॅमेराच वाकडा धरला होता. पहिला प्रकार निघाला तर स्वतः स्क्रू उघडू नका: आत फ्लॅशचा कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टवर भरलेला असू शकतो आणि बॅटरी काढली तरी झटका देतो. ते फोटो न मिटवता कार्ड, बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. तक्रार लेखी द्या आणि पोच मागून घ्या. उद्या नाही, आजच.