एनएफएलच्या सर्व्हायव्हर पूलमध्ये दर आठवड्याला सगळ्यात तगडा संघच घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत नवीन आहात, ऑफिसात 60 जणांचा पूल आहे, म्हणजे सगळ्यांनी पैसे जमवून लावलेली पैज, शेवटपर्यंत टिकेल त्याचे पैसे; प्रत्येकी 20 डॉलर. एनएफएलचं, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचं, फारसं कळत नाही आणि शेजारचा सांगतोय, "त्या आठवड्याचा सगळ्यात मोठा फेव्हरिट, म्हणजे जिंकायची सगळ्यात जास्त शक्यता असलेला संघ, उचल आणि निवांत राहा." मी न्यू जर्सीत राहतो आणि अशा पूलमध्ये बरीच वर्षं खेळतोय. शेजाऱ्याचा सल्ला वाईट नाही, पण तेवढ्यावर तुम्ही गर्दीतले एक होता, इतकंच.

इतर वाचकांसाठी नियम थोडक्यात. दर आठवड्याला एक संघ निवडायचा. तो जिंकला की तुम्ही पुढे, हरला की घरी. किती गुणांनी जिंकला याला महत्त्व नाही. एकदा घेतलेला संघ मात्र त्या मोसमात परत घेता येत नाही. संघ 32, आठवडे 18.

आता जरा आकडेमोड. प्रत्येक वेळी 80 टक्के खात्रीचा संघ मिळाला असं धरलं, तरी अठराच्या अठरा आठवडे टिकण्याची शक्यता जेमतेम पावणेदोन टक्के निघते. पण तुम्हाला अठरा आठवडे टिकायचंच कुठंय? बाकीच्या 59 जणांपेक्षा एक आठवडा जास्त टिकलात की झालं. दर आठवड्याला साधारण पाव लोक गळतात असं धरा: 60 चे 45, मग 34, 25, 19... बाराव्या-तेराव्या आठवड्याला एक-दोघंच उरतात. म्हणजे तुमच्या पूलचा निकाल थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटच्या, आसपास लागायची शक्यता जास्त. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी उपयोगी पडेल म्हणून एखादा जबरदस्त संघ राखून ठेवणं तुमच्या पूलमध्ये फुकट आहे. लास व्हेगासच्या सर्का कसिनोतल्या स्पर्धेची गोष्ट वेगळी. तिथे प्रवेशच 1000 डॉलरचा, हजारो प्रवेशिका, आणि थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसच्या वेगळ्या फेऱ्या. तिथले लोक पहिल्या दिवसापासून शेवटच्या फेरीचे संघ मोजून ठेवतात. त्यांचे लेख वाचून तुम्ही तसं करू नका.

संघ किती खात्रीचा, हे ओळखायला फुटबॉल कळावं लागत नाही. सट्टेबाजांची मनीलाइन, म्हणजे कोण जिंकेल यावरचा त्यांचा भाव, बघा. उणे 400 लिहिलं असेल तर 400 भागिले 500, म्हणजे 80 टक्के. त्यात त्यांचं कमिशन धरलेलं असतं, म्हणून एक-दोन टक्के कमी समजा. "घरच्या मैदानावरचाच संघ घ्या" असा सल्ला सगळीकडे दिसेल. पण मैदानाचा फायदा त्या आकड्यात आधीच धरलेला असतो. तो परत मोजायचं कारण नाही.

खरी मेख पुढे आहे: बाकीचे कोणाला घेतायत? समजा एखाद्या पूलमध्ये तुमच्यासकट 100 जण आहेत आणि जमलेली रक्कम 1000 डॉलर. 'अ' संघ 80 टक्के खात्रीचा, त्यावर 40 जण. 'ब' 75 टक्क्यांचा, त्यावर तुमच्यासकट फक्त 10. बाकीचे 50 इकडेतिकडे, तेही 75 टक्क्यांच्याच संघांवर. ढोबळ हिशेबाने 'अ' घेतलात तर तुमचा वाटा साधारण 9 डॉलर 40 सेंटचा होतो आणि 'ब' घेतलात तर 10 डॉलरचा. जिंकायची शक्यता कमी असूनही 'ब' सरस, कारण 'अ' पडला तर एका झटक्यात 40 जण साफ होतात आणि तुम्ही उभे असता. हा फरक पाच टक्क्यांचा आहे म्हणून जमतंय. वेगळं काहीतरी करायचं म्हणून 60 टक्क्यांचा संघ घेणं हा निव्वळ आगाऊपणा.

2018 चा तिसरा आठवडा बघा. मिनेसोटा वायकिंग्ज घरच्या मैदानावर, समोर बफेलो बिल्स. बिल्स पहिले दोन्ही सामने हरलेले, त्यातला एक 47-3 असा. वायकिंग्ज सोळा-सतरा गुणांचे फेव्हरिट, म्हणजे तेवढ्या फरकाने जिंकतील असा अंदाज. म्हणजे अगदी डोळे मिटून घ्यावा असा पिक (निवड). वायकिंग्जच्या क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकून चाल रचणारा मुख्य खेळाडू) हातून सुरुवातीलाच दोनदा चेंडू निसटला, मध्यंतराला बिल्स 27-0 ने पुढे, आणि शेवट 27-6. देशभरातल्या पूलमधल्या अनेकांची दांडी गुल. वायकिंग्ज निवडणारे मूर्ख नव्हते. पण त्या दिवशी जे दुसरीकडे होते, त्यांना घरबसल्या लॉटरी लागली.

तुमच्या 60 जणांत कोण काय घेणार हे आधी कळणार नाही. असे पूल चालवणाऱ्या मोठ्या साइट्स संघागणिक निवडीची टक्केवारी दाखवतात, तिच्यावरून अंदाज येतो. शिवाय ऑफिसच्या पूलमध्ये गावच्या संघावरचं प्रेम ऊतू जातं. आमच्याकडे जायंट्स आणि जेट्स या इथल्या संघांवर भावनेच्या भरात पैसे लावणारे दरवर्षी निघतात. देव त्यांचं भलं करो!

संघ निवडताना सोपी युक्ती म्हणजे आधी कच्चे संघ हेरायचे. चौथ्या आठवड्यापर्यंत तळाचे चार-पाच ओळखू येतात. त्यांचं वेळापत्रक कागदावर लिहा आणि दर आठवड्याला त्यांच्यासमोर कोण आहे ते बघा. असं केलं की मधल्या फळीतले संघही वापरून होतात आणि तगडे आपोआप शिल्लक राहतात. अर्थात कच्चा म्हणजे शून्य नव्हे. 2020 मध्ये तोवर एकही सामना न जिंकलेल्या जेट्सनी डिसेंबरात रॅम्सना त्यांच्याच मैदानावर 23-20 असं हरवलं होतं.

शक्यतो गुरुवारच्या सामन्यातला संघ घेऊ नका. रविवारपर्यंत थांबलात तर कोण जखमी आहे हे कळतं. न खेळणाऱ्यांची यादी सामन्याच्या दीड तास आधी येते, म्हणजे आपल्या पूर्वेकडच्या वेळेनुसार एकच्या सामन्यांसाठी साडेअकराला. क्वार्टरबॅक नसेल तर पिक बदला, मागेपुढे बघू नका.

पूल चालवणाऱ्याला आजच दोन गोष्टी विचारून घ्या. बरोबरी झाली तर काय? बहुतेक ठिकाणी बरोबरी म्हणजे बाद. 2022 च्या पहिल्याच आठवड्यात कोल्ट्स आणि टेक्सन्स 20-20 वर अडकले, कोल्ट्सच्या किकरची ओव्हरटाइममधली 42 यार्डांची किक हुकली आणि कोल्ट्स घेतलेले लोक न हरता बाहेर गेले. दुसरं, उरलेले सगळे एकाच आठवड्यात पडले तर पैसे वाटतात की सगळ्यांना परत जिवंत करतात?

आणि शेवटी तिघं उरले, तर कोणीतरी "चला, 1200 चे प्रत्येकी 400 वाटून घेऊ" म्हणणारच. होकार द्यायच्या आधी तिघांचे वापरलेले संघ शेजारी शेजारी मांडून बघा. तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा चांगले संघ उरले असतील तर गोड बोलून नाही म्हणा. नसतील तर लगेच हो म्हणा, त्यांनी तो कागद मांडायच्या आत.